हलका व्हॅक्युम क्लीनर : ओढतो किती, टिकतो किती?

युरोपीय संघाने जून २०२४ मध्ये ‘दुरुस्तीच्या हक्का’चा निर्देश मंजूर केला. सदस्य देशांना तो लागू करण्यासाठी दिलेली तारीख ३१ जुलै २०२६. ठरावीक वस्तू वॉरंटी संपल्यावरही वाजवी दरात दुरुस्त करून देण्याचे बंधन त्याने उत्पादकांवर घातले आहे. या वस्तूंच्या यादीत वॉशिंग मशीन, फ्रिज आणि मोबाइल यांच्याबरोबर व्हॅक्युम क्लीनरही आहेत. मात्र त्यात एक मेख आहे. यादीतला ‘व्हॅक्युम क्लीनर’ कोणता, हे २०१३च्या एका जुन्या नियमावरून ठरते आणि त्या नियमाने बॅटरीवर चालणारी यंत्रे वगळली होती. म्हणजे दुकानांच्या दर्शनी भागात आज जो हलका, बिनवायरचा, काठीसारखा व्हॅक्युम क्लीनर उभा असतो, नेमका तोच या हक्काच्या बाहेर राहतो.

भारतात ग्राहकाच्या हाती त्याहून कमी माहिती असते. फ्रिज, एसी, पंखा घेताना ऊर्जा कार्यक्षमतेचे तारे तरी मोजता येतात. व्हॅक्युम क्लीनरवर तेही नाहीत. खोक्यावर वॉट, केपीए आणि ‘४० मिनिटे’ असे आकडे ठळक छापलेले असतात. यंत्र किती धूळ उचलते आणि किती वर्षे चालते, हे दोन प्रश्न मात्र त्यातून सुटत नाहीत. करोनाच्या टाळेबंदीत घरकामाच्या मावशी येऊ शकत नव्हत्या, तेव्हा अनेक शहरी घरांत हे यंत्र पहिल्यांदा आले. आता त्यातली बरीच यंत्रे पाच वर्षांची झाली आहेत. त्यामुळे टिकाऊपणाचा प्रश्न आता अनुभवाचा झाला आहे.

वजन किती आणि वजन कुठे?

उभ्याने ढकलायचा व्हॅक्युम क्लीनर हा प्रकार नवा नाही. अमेरिकेतील ओहायो राज्यात कँटन या गावी जेम्स मरे स्पँग्लर नावाचा दम्याचा त्रास असलेला सफाई कर्मचारी होता. त्याने पंख्याची मोटर, ब्रश आणि कापडी पिशवी जोडून असे यंत्र बनवले आणि १९०८ मध्ये त्याचे पेटंट मिळवले. पुढे ते विल्यम हूव्हरने विकत घेतले आणि हूव्हर हे नावच ब्रिटनमध्ये व्हॅक्युम क्लीनरला पर्याय बनले. हलकेपणाची लाट आणली ती डेव्हिड ओरेक यांनी. १९६३ मध्ये सुरू झालेल्या त्यांच्या कंपनीची साधारण साडेतीन किलोची अपराइट यंत्रे हॉटेलांत लोकप्रिय झाली, कारण दिवसभर खोल्या झाडणाऱ्या कर्मचाऱ्याला ती पेलवत होती.

पण त्या अपराइटचे वजन जमिनीवर, चाकांवर असे. हात फक्त ढकलायला. आजच्या कॉर्डलेस स्टिकमध्ये मोटर, बॅटरी आणि धुळीची टाकी हे सगळे मुठीपाशी असते. खोक्यावर अडीच किलो लिहिलेले असले तरी ते अडीच किलो मनगटावर येतात. जाळी-जळमटे काढायला किंवा जिना झाडायला ही रचना सोयीची. तीन खोल्यांची फरशी रोज झाडायची असेल तर तेच यंत्र साडेतीन किलोच्या अपराइटपेक्षा जड वाटू शकते. शिवाय अशा बहुतेक काठ्या आधाराशिवाय उभ्या राहत नाहीत. मध्येच दाराची बेल वाजली की त्या भिंतीला टेकवायच्या आणि त्या घसरून पडायच्या. यंत्राच्या मानेचा सांधा नाहीतर टाकीची कडी अशाच पडण्यात तुटते.

बाजारात हलक्या उभ्या यंत्रांचे ढोबळमानाने दोन गट आहेत. एक वायरवाला, दोन-तीन हजार रुपयांपासून मिळणारा. दुसरा बॅटरीवाला, ज्याची किंमत पन्नास हजारांच्या पुढेही जाते. डायसन या कंपनीने २०१८ मध्ये यापुढे वायरवाले नवे व्हॅक्युम क्लीनर विकसित करणार नसल्याचे जाहीर केले आणि बाजाराचा कल स्पष्ट झाला. किमतीतली मोठी तफावत चांगल्या सफाईसाठी आहे, असे ग्राहक गृहीत धरतो. ती बऱ्याच अंशी वायर नसण्याची आणि लहान, अतिवेगवान मोटरची किंमत असते.

केपीएचा आकडा फसवा का?

केपीए म्हणजे किलोपास्कल, दाबाचे एकक. यंत्राचे तोंड पूर्ण बंद केल्यावर आत किती निर्वात दाब तयार होतो, हे त्यावरून कळते. २० केपीए म्हणजे साधारण दोन मीटर उंचीचा पाण्याचा स्तंभ वर ओढून धरण्याइतकी ताकद. ऐकायला भारी वाटते. पण तोंड बंद असताना हवा वाहतच नाही, आणि धूळ उचलून टाकीत नेते ती वाहती हवा. उलट तोंड पूर्ण उघडे असताना हवा भरपूर वाहते, पण दाब जवळपास शून्य होतो. खरे काम या दोन टोकांच्या मध्ये होते. म्हणून दाब आणि हवेचा प्रवाह यांचा गुणाकार पाहावा लागतो. त्याला एअरवॉट म्हणतात.

एक सोपे उदाहरण घेऊ. दोन यंत्रांवर २० केपीए लिहिले आहे. तोंड उघडे असताना पहिल्यातून सेकंदाला २० लिटर हवा जाते, दुसऱ्यातून १० लिटर. दाब आणि प्रवाह सरळ रेषेत बदलतात असे मानले, तर पहिल्याची कमाल ताकद सुमारे १०० एअरवॉट आणि दुसऱ्याची ५० एअरवॉट येते. खोक्यावरचा आकडा सारखाच, काम मात्र निम्मे. दुसरे यंत्र चिमटीएवढ्या फटीतून धूळ ओढून दाखवेल, पण रुंद तोंड लावून फरशीवर फिरवले की तांदळाचे दाणे मागे ठेवेल. अनेक स्वस्त यंत्रांच्या खोक्यावर केपीए असतो आणि एअरवॉट नसतो. ही गोष्ट पुरेशी बोलकी आहे.

नुसत्या वॉटचीही तीच गत. ६०० वॉट म्हणजे यंत्र किती वीज खाते. त्यातला साधारण पाचवा ते चौथा हिस्सा हवेच्या ताकदीत उतरला तर ते यंत्र बरे म्हणायचे. बाकीची वीज उष्णता आणि आवाजात जाते.

युरोपने वॉट कमी केले, तेव्हा काय झाले?

याचा पुरावा युरोपमध्ये मोठ्या प्रमाणावर मिळाला. २०१३च्या नियमाने वायरवाल्या व्हॅक्युम क्लीनरची वीज सप्टेंबर २०१४ पासून १६०० वॉटच्या आत आणि सप्टेंबर २०१७ पासून ९०० वॉटच्या आत आणायला लावली. ब्रिटनमध्ये ऑगस्ट २०१४ मध्ये ‘ताकदवान’ यंत्रे संपण्याआधी ती विकत घ्यायला झुंबड उडाली होती. पण त्याच नियमाने सफाईची किमान पातळीही ठरवली होती आणि २०१७ मध्ये ती वाढवली : गालिच्यावरची किमान ७५ टक्के आणि फटी असलेल्या कडक फरशीवरची ९८ टक्के धूळ उचललीच पाहिजे. वीज निम्म्यावर आणि सफाई आधीपेक्षा वरचढ, असे दोन्ही एकदम शक्य झाले. यंत्राचे तोंड आणि हवेचा मार्ग नीट घडवला की मोटरच्या वॉटवर फारसे काही अडत नाही.

त्याच नियमात टिकाऊपणाच्याही दोन अटी होत्या. मोटर किमान ५०० तास चालली पाहिजे, आणि ज्या यंत्राला नळी आहे तिने ४० हजार वेळा वाकूनही साथ दिली पाहिजे. घरगुती यंत्रासाठी टिकाऊपणा असा आकड्यांत बांधणे ही त्या काळी दुर्मीळ गोष्ट होती.

चाचणीची पद्धत मात्र वादात सापडली. ऊर्जा लेबलसाठी यंत्र तपासताना त्याची पिशवी किंवा टाकी रिकामी असे. घरात ती भरत जाते, फिल्टर चोंदतो, सक्शन घटते आणि लेबलवर याचा मागमूस नसतो, असा डायसनचा आक्षेप होता. कंपनी २०१३ मध्ये न्यायालयात गेली आणि बरीच वळणे घेत खटला ८ नोव्हेंबर २०१८ रोजी निकाली निघाला. युरोपीय संघाच्या सामान्य न्यायालयाने लेबलचा नियमच रद्द केला आणि जानेवारी २०१९ मध्ये लेबल बाजारातून गेले. डायसनची यंत्रे पिशवीविना चालतात, तेव्हा कंपनीचा स्वार्थ त्यात होताच. पण मुद्दा ग्राहकाच्या बाजूचा होता. दुकानातले नवे कोरे यंत्र आणि तीन आठवडे वापरलेले यंत्र यांत फरक असतो, आणि घरात राहते ते दुसरे.

कामगिरी उत्तम, भरवसा कमी

कामगिरी आणि टिकाऊपणा या दोन वेगळ्या परीक्षा आहेत, हे त्यानंतर काही महिन्यांत त्याच कंपनीच्या बाबतीत दिसले. अमेरिकेतील कन्झ्युमर रिपोर्ट्स ही ना-नफा संस्था प्रयोगशाळेत यंत्रे तपासते आणि सदस्यांकडून त्यांच्या वापराचा अनुभवही गोळा करते. डायसनच्या कॉर्डलेस काठ्या तिच्या सफाईच्या चाचण्यांत वरच्या क्रमांकावर असत. तरी २०१९ मध्ये संस्थेने त्यांची शिफारस मागे घेतली. कारण सदस्यांच्या सर्वेक्षणातून पाच वर्षांच्या आत बिघाड होण्याचे प्रमाण जास्त असल्याचे निघाले, आणि त्यात बॅटरीच्या तक्रारी ठळक होत्या.

यात एका कंपनीला झोडपण्यासारखे फार नाही. हलकेपणाची किंमत जिथे मोजली जाते, ती जागाच बॅटरी आहे. तिचे गणित उघड आहे. सहा लिथियम सेल एकामागे एक जोडले की सुमारे २१.६ व्होल्ट मिळतात. क्षमता २८०० एमएएच असेल तर त्यात साधारण ६० वॉट-तास ऊर्जा मावते. मोटरने ९० वॉट घेतले तर यंत्र ४० मिनिटे चालते. ‘४० मिनिटे’ येतात ती इथून. पूर्ण ताकदीवर मोटर ४०० वॉट घेऊ लागली की तीच बॅटरी नऊ मिनिटांत संपते. जाहिरातीतली ताकद आणि जाहिरातीतली वेळ दोन्ही खऱ्या असतात, फक्त एका वेळी मिळत नाहीत. सेल वाढवले तर वेळ वाढते, पण मग यंत्र हलके राहत नाही.

असे सेल साधारण ३०० ते ५०० पूर्ण चार्जिंगनंतर मूळ क्षमतेच्या सुमारे ८० टक्क्यांवर येतात. उष्णतेत त्याहून लवकर.

आठवड्याचा केर आणि रोजचा केर

परदेशातली परीक्षणे वाचून यंत्र घेणाऱ्या मराठी घरांची गफलत इथे होते. युरोपच्या लेबलमध्ये वर्षाचा विजेचा खर्च काढताना ८७ चौरस मीटरचे, म्हणजे सुमारे साडेनऊशे चौरस फुटांचे घर वर्षातून ५० वेळा झाडले जाते, असे धरले होते. आठवड्यातून एकदा! पुण्या-नाशिकच्या टू बीएचकेमध्ये केर रोज काढला जातो. रस्त्याकडेच्या किंवा बांधकामाशेजारच्या घरात दोनदा.

मग तेच आकडे वेगळे दिसू लागतात. मोटरचे ५०० तास युरोपीय घराला, आठवड्याला एक तास धरला तर, दहा वर्षे पुरतात. रोज २० मिनिटे वापर असेल तर वर्षाला सुमारे १२२ तास होतात आणि ५०० तास चार वर्षांत संपतात. बॅटरीचेही तसेच. रोज अर्धी बॅटरी वापरली तरी वर्षाला १८० हून अधिक पूर्ण चार्जिंग होतात आणि दीड ते पावणेतीन वर्षांत बॅटरी उतरणीला लागते. आठवड्यातून एकदा वापरणाऱ्याची बॅटरी चार्जिंगच्या हिशेबाने सहा ते दहा वर्षे जाऊ शकते, अर्थात वयोमानाने ती त्याआधीही थकते. ‘पाच वर्षे उत्तम चालले’ हा लंडनमधल्या ग्राहकाचा अभिप्राय खरा असूनही इथे उपयोगाचा नाही. विदर्भ-मराठवाड्यात मे महिन्यात तापलेल्या खोलीत चार्जिंगला लावून ठेवलेल्या बॅटरीची गोष्ट तर आणखी वेगळी.

धूळही वेगळी. आपल्याकडे भिंतीपासून भिंतीपर्यंत गालिचा क्वचित असतो. असते ती लादी, कोटा, मार्बल किंवा शहाबादी फरशी आणि फार तर एखादी सतरंजी. त्यामुळे गालिच्याचे तंतू विंचरण्यासाठी दिलेला फिरता ब्रश इथे फारसा कामाला येत नाही. त्याचे कडक केस फरशीवरचे कण पुढे उडवतात आणि लांब केस त्याच्याभोवती गुंडाळून त्याची छोटी मोटर जाम होते. कडक फरशीसाठी मऊ रोलर किंवा साधे चपटे तोंड जास्त कामाचे. ते सोबत मिळते का, हे केपीएच्या आधी पाहायला हवे.

दुसरी गोष्ट बारीक भुकटीची. सिमेंट, पीओपी, भिंतीचा चुना, रांगोळी, पीठ. ही भुकटी टाकीतल्या भोवऱ्यातून निसटून फिल्टरवर बसते, हवा अडते, मोटर तापते आणि यंत्र आपोआप बंद पडते. बऱ्याच कंपन्यांच्या माहितीपुस्तिकेत प्लास्टरची धूळ ओढू नये असे लिहिलेलेच असते. दिवाळीआधी रंगकाम झाले की नेमके तेच काम यंत्राला दिले जाते. ती भुकटी केरसुणीने किंवा ओल्या फडक्याने काढलेली बरी.

फिल्टर धुता येतो, ही जाहिरातीतली जमेची बाजू. तो पूर्ण वाळल्याशिवाय बसवायचा नाही, साधारण २४ तास थांबायचे, ही बारीक अक्षरांतली अट. जुलैत मुंबईत किंवा रत्नागिरीत २४ तासांत काय वाळते, ते सांगायला नको. दमट फिल्टर बसवला की आधी कुबट वास येतो आणि मग ओल मोटरपर्यंत पोहोचते. दोन फिल्टर आलटून पालटून वापरणे हा यावरचा स्वस्त उपाय आहे. त्यासाठी दुसरा फिल्टर बाजारात मिळायला मात्र हवा.

वायरवाला मागासलेला नाही

वायरवाल्या हलक्या काठीकडे जुनाट म्हणून पाहिले जाते. तिचे दोष खरे आहेत. वायर पायात येते, खोली बदलली की प्लग बदलावा लागतो, आवाज मोठा असतो. तिच्यातली मोटर बहुधा मिक्सरमध्ये असते त्याच जातीची, कार्बन ब्रशची असते आणि ते ब्रश झिजतात. पण ही झीज ओळखीची आहे. मिक्सरचे कार्बन बदलून देणारा माणूस तालुक्याच्या गावीही सापडतो. कॉर्डलेसमधली मोटर ब्रशविना, मिनिटाला लाखभर फेऱ्या घेणारी असते. ती दीर्घकाळ टिकते, पण तिचे नियंत्रण करणारे सर्किट किंवा बॅटरी गेली की गल्लीतल्या कारागिराचे तिथे काही चालत नाही.

रोजचा पूर्ण घराचा केर यंत्राने काढायचा असेल आणि ऐपत चार-पाच हजारांची असेल, तर त्या किमतीतली कॉर्डलेस काठी घेण्यापेक्षा वायरवाली घेणे शहाणपणाचे. त्या किमतीत कॉर्डलेसमध्ये बॅटरीवरच काटकसर झालेली असते. कॉर्डलेस शोभते ती पूरक म्हणून : गादी, सोफा, गाडी, जिना, सांडलेला रवा. किंवा अशा ज्येष्ठांसाठी, ज्यांना वाकून झाडू मारणे जमत नाही आणि वायरीत पाय अडकण्याची भीती आहे. त्यांच्यासाठी जास्तीचे पैसे मोजणे योग्यच आहे, फक्त दोन-तीन वर्षांनी बॅटरीचा खर्च येणार हे धरूनच.

सुटा भाग मिळतो का?

१९८२ मध्ये स्थापन झालेल्या युरेका फोर्ब्जचे विक्रेते घरोघरी येत, गादीवर यंत्र फिरवून आलेली धूळ पांढऱ्या कापडावर दाखवत आणि आईवडिलांच्या पिढीला थक्क करून जात. त्या यंत्रांची विक्री माणसामार्फत होत असल्याने दुरुस्तीसाठी कुणाला गाठायचे, हे घराला ठाऊक असे. आजची बरीच हलकी यंत्रे ऑनलाइन विकली जातात. वर्षा-दोन वर्षांनी तेच मॉडेल विक्रीतून गायब होते आणि त्याच्याबरोबर त्याची बॅटरी आणि फिल्टरही.

फ्रान्सने हा प्रश्न दुकानातच सोडवायचा प्रयत्न केला आहे. तिथे जानेवारी २०२१ पासून काही वस्तूंवर दहापैकी ‘दुरुस्तीक्षमता गुण’ छापावे लागतात आणि नोव्हेंबर २०२२ पासून त्यात व्हॅक्युम क्लीनर आले. वायरवाले, बॅटरीवाले आणि रोबोसुद्धा. यंत्र उघडणे किती सोपे, सुटे भाग किती वर्षे मिळणार, ते महाग आहेत का, यावरून गुण ठरतात. भारतात केंद्रीय ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, त्याच वर्षी डिसेंबरमध्ये त्यासाठी पोर्टल सुरू केले आणि मे २०२५ मध्ये दुरुस्तीक्षमता निर्देशांकाचा अहवालही एका समितीने दिला. पण त्याची सुरुवात स्मार्टफोन आणि टॅब्लेटपासून सुचवली आहे. व्हॅक्युम क्लीनरची पाळी येईपर्यंत आज विकत घेतलेल्या यंत्राची बॅटरी संपलेली असेल.

त्याआधी कदाचित बाहेरून काही बदल येईल. युरोपीय संघाच्या २०२३च्या बॅटरी नियमानुसार, काही अपवाद सोडता, १८ फेब्रुवारी २०२७ पासून उपकरणातली छोटी बॅटरी ग्राहकाला स्वतः काढता-बसवता आली पाहिजे. दुरुस्तीच्या निर्देशातून निसटलेली कॉर्डलेस काठी या नियमात सापडते. युरोपात आणि भारतात एकच मॉडेल विकणाऱ्या कंपन्यांच्या यंत्रांत हा बदल इथेही दिसू शकेल. फक्त भारतासाठी बनवल्या जाणाऱ्या स्वस्त यंत्रांवर मात्र त्याचे बंधन नाही. तिथे खरेदीआधीच त्या मॉडेलची बॅटरी आणि फिल्टर आज सुटे विकत मिळतात का आणि कितीला, हे कंपनीच्या सेवा केंद्राला फोन करून विचारणे एवढेच ग्राहकाच्या हाती आहे.